श्रद्धा डळमळते तेव्हा: काय करावं आणि कोणत्या क्रमानं

वर्षानुवर्षं नेमानं केलेली पूजा एक दिवस पोकळ वाटू लागते. माळ बोटांतून सरकत राहते, आत मात्र काही हलत नाही. कुणाच्या घरातलं माणूस जातं आणि देव्हाऱ्याकडे बघवत नाही. कुणाचा गुरूवरचा विश्वास उडतो. कुणी ध्यानातून घाबरून उठतो आणि पुन्हा बसायचं धाडस होत नाही. अशा वेळी बहुतेक जण एक तर उपासना दुप्पट करतात किंवा सगळं एका झटक्यात टाकून मोकळे होतात. दोन्ही वाटांनी त्रास वाढलेलाच मी पाहिला आहे.

भजनी मंडळाच्या निमित्तानं अशा अवस्थेतल्या अनेकांशी बोलणं होतं. त्यांच्या प्रयत्नांत कमतरता नसते, क्रम चुकलेला असतो. झोप उडालेली असताना ते 'देव आहे की नाही' हा प्रश्न सोडवायला बसतात. कुणाशी मोकळं बोलायच्या आधीच गुरू बदलतात. दुःखात असताना दीक्षा घेतात आणि रागात असताना देवांचे टाक नदीत सोडून येतात. म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. टप्पे दिलेत त्याच ओळीनं घ्या आणि एक पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

## तयारी: पहिल्या दोन दिवसांत

सव्वा महिन्याची मुदत घाला. आजपासून चाळीस दिवस मोजा आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर परत फिरवता येणार नाही असा एकही निर्णय घ्यायचा नाही. अनुग्रह किंवा दीक्षा घेणं, गळ्यातली माळ उतरवणं, देव विसर्जित करणं, पंथ सोडल्याचं सगळ्यांना जाहीर करणं, नोकरी सोडून आश्रमात जाणं, आश्रमाला मोठी देणगी देणं, हे सगळं त्यात आलं. मुदत संपल्यावरही तेच करावंसं वाटलं तर करता येईलच.

एक वही ठेवा. रोज रात्री पाच ओळी लिहा: किती तास झोपलो, किती वेळा नीट जेवलो, घराबाहेर पडलो का, कुणाशी बोललो, आणि दिवसभर कोणता विचार सर्वांत जास्त घोळत होता. तत्त्वचिंतन या वहीत नको. ती पुढे डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडते.

घरात एकदा स्पष्ट सांगा. वाक्य तयार ठेवा, म्हणजे ऐनवेळी भांडण होत नाही. 'माझं मन सध्या पूजेत लागत नाही. सव्वा महिना मी थोडं कमी करणार आहे. सांगावंसं वाटलं की मी आपणहून सांगेन.' एवढं पुरे. आई-वडील किंवा सासू-सासरे घरात असतील तर हे दिवेलागणीच्या वेळी सांगू नका, दुपारी निवांत सांगा. दिवेलागणीला सांगितलं की ते त्याच संध्याकाळच्या पूजेबद्दल आहे असं वाटतं आणि गैरसमज होतो.

प्रवचनांचे व्हिडिओ बंद. एक बघितला की मोबाईल त्याच जातीचे दहा पुढे करतो आणि त्यातले निम्मे भीती घालणारे असतात. सव्वा महिना नवा उपदेश नको.

> सावध: या काळात पत्रिका घेऊन फिरू नका. त्र्यंबकेश्वरचा तीन दिवसांचा नारायण नागबळी असो की गावातली एखादी ग्रहशांत, ज्यांना करायचीच आहे त्यांनी ती मुदतीनंतर करावी. कर्ज काढून किंवा दागिना मोडून तर कधीच करू नये. घाबरलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

## टप्पा १: आधी देह

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात साधनेतले नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. त्यात पहिली आहे व्याधी. संशय त्यानंतर येतो. पुढच्याच सूत्रात दुःख, मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास ही सोबतची लक्षणं दिली आहेत. देहाकडे आधी बघायला सांगणं म्हणजे श्रद्धेला कमी लेखणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जा. 'थकवा आहे, मन लागत नाही, झोप नीट नाही' एवढं सांगा आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासायचं का ते विचारा. बी-१२ मुद्दाम लिहिते आहे. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. शाकाहारी घरात, त्यातही दूध-दही कमी खाणाऱ्या आणि उपवास जास्त करणाऱ्या माणसांत ते कमी पडू शकतं. मग थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, चिडचिड होते, मन उदास राहतं. ही उदासी पुष्कळांना वैराग्य वाटते.

उपवास आवरा. एकादशी, चतुर्थी, गुरुवार असे तीन-तीन उपवास धरणाऱ्यांनी या काळात फार तर एक ठेवावा, तोही दूध-फळं-भगर खाऊन. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

झोपेची वेळ बांधा. ब्राह्ममुहूर्ताचा नेम असेल आणि रात्री बारापर्यंत डोळा लागत नसेल, तर पहाटेचं उठणं सध्या सोडा. सहा-सात तास सलग झोप होईपर्यंत पुढचे टप्पे कामाला येत नाहीत.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर टप्पे बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठा:

- मरावंसं वाटणं, 'देह ठेवावा', 'जलसमाधी घ्यावी' असे विचार येणं
- दोन आठवडे रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास, कशातच रस नाही
- दोन-तीन तासच झोप होऊनही थकवा नाही, बोलणं वेगात, पैसा वाहतो आहे, 'मला विशेष कार्यासाठी निवडलंय' अशी खात्री
- दुसऱ्यांना ऐकू न येणारे आवाज, आणि ते आवाज आज्ञा देतात
- अन्नपाणी सोडणं

केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर ११२.

> सावध: मनाच्या आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर 'साधना वाढवली, आता गरज नाही' म्हणून बंद करू नका. हा सल्ला कितीही मोठ्या माणसानं दिला तरी मानू नका. गोळी कमी करायची की नाही हे ती लिहून देणारा डॉक्टरच ठरवतो.

## टप्पा २: नेमकं काय तुटलंय ते ओळखा

'श्रद्धाच उडाली' असं माणूस म्हणतो, पण खोदून विचारलं की एकच धागा तुटलेला निघतो. पाच प्रकार नेहमी दिसतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. वही घ्या, पुढचे पाचही प्रकार वाचा आणि आपला कोणता ते लिहा. दोन वाटले तर जास्त टोचणारा आधी.

क) देवावर राग. मूल गेलं, जोडीदार गेला, प्रामाणिक माणसाची नोकरी गेली. इतकं केलं, मग आमच्याच वाट्याला का? सुतक फिटलं की देवपूजा पुन्हा सुरू करायची असते, तिथेच हे उघडं पडतं. एका बाईंचं सांगते. पती गेल्यानंतर त्या रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसायच्या, समईत तेल घालायच्या, वात सारखी करायच्या, काडी ओढायच्या आणि ती बोटापर्यंत जळत येईस्तोवर तशीच धरून ठेवायच्या. वातीला लावायच्या नाहीत. घरच्यांना वाटलं, यांचं डोकं फिरलं. त्यांच्या डोक्याला काही झालं नव्हतं. त्या रागावल्या होत्या आणि देवावर रागवायची परवानगी त्यांना कुणी दिली नव्हती. तुमचं असं असेल तर टप्पा ५ तुमच्यासाठीच आहे.

ख) गुरूवरचा किंवा संस्थेवरचा विश्वास गेला. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. गुरूंचं एखादं मत पटलं नाही, संस्थेत राजकारण दिसलं, मोठ्या देणगीदारांना पुढची जागा मिळते हे खटकलं, तर ती निराशा आहे आणि तिच्यावर शांतपणे विचार करता येतो. पण शरीराला हात लावला, 'हे कुणाला सांगू नकोस' म्हटलं, मारहाण झाली, औषधोपचार थांबवले, धाक दाखवून पैसे काढले, तर तो गुन्हा आहे. त्यात आपली श्रद्धा कमी पडली का, याचा विचार करत बसू नका. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अलौकिक शक्तीचा दावा करून लैंगिक संबंध ठेवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हे शिक्षेस पात्र आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. मदतीसाठी फोन: बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८. अशा वेळी सव्वा महिना थांबायचं नाही. त्याच दिवशी तिथून बाहेर पडायचं.

ग) साधना कोरडी पडली. राग नाही, दुःख नाही, फक्त काही वाटत नाही. बहुतेक वेळा याचं कारण अगदी साधं असतं. नेम पेलवेल त्यापेक्षा मोठा झालेला असतो किंवा 'प्रचिती' येण्याची वाट बघून माणूस दमलेला असतो. पाचांत हा सगळ्यांत सौम्य प्रकार. टप्पा ३ वर बहुतेकांचं काम होतं.

घ) साधनेतलाच अनुभव अंगावर आला. शिबिरात किंवा घरी लांब बैठकी केल्यावर अंग थरथरणं, छातीत धडधड, आपण आपल्याला लांबून पाहतोय असं वाटणं, जग खोटं वाटणं, भीतीनं झोप उडणं. दहा दिवसांच्या मौन शिबिरात दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, आणि प्रवेश अर्जात मानसिक आजाराबद्दल उगाच विचारत नाहीत. ज्यांनी ती माहिती लपवली त्यांनी निदान आता डॉक्टरांपासून लपवू नये. अशा वेळी डोळे मिटून बसणं पूर्ण थांबवा. प्राणायामही. दोन वेळा गरम, पोटभर जेवा. अनवाणी अंगण झाडा, भाजी निवडा, कणीक मळा, झाडांना पाणी घाला. ज्या कामात हात आणि डोळे दोन्ही गुंततात ते काम औषधासारखं आहे. 'कुंडलिनी जागी झाली, आता मागे फिरू नकोस' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. आठवड्याभरात उतार पडला नाही किंवा टप्पा १ मधली लक्षणं दिसली, तर डॉक्टर. मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणातही १९९४ पासून 'धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण' अशी आजारापेक्षा वेगळी नोंद आहे. म्हणजे जाणता डॉक्टर सगळ्याला वेड म्हणत नाही आणि सगळ्याला समाधीही म्हणत नाही.

च) पापाची भीती. सात दिवसांचं पारायण पाचव्या दिवशी मोडलं, नवस फेडायचा राहिला, सोवळ्यात चूक झाली, आणि त्यानंतर घरात जे जे वाईट घडलं ते त्यामुळेच, अशी खात्री होते. इथे एक तपासणी करा. चूक सुधारण्याचा साधा उपाय घरातल्या वडीलधाऱ्यांकडून किंवा गुरुजींकडून कळल्यावर मन शांत झालं का? झालं, तर विषय संपला. नाही झालं, आणि मंत्र पुन्हा पुन्हा म्हणावा लागतो, हात पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, देवाबद्दल घाणेरडे विचार नको असताना येतात आणि त्यावर तासन्‌तास प्रायश्चित्त चालतं, तर तो मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. पूजा वाढवून मात्र तो वाढतो.

> तपासा: पुढे जाण्याआधी वहीत एका ओळीत लिहून बघा, 'माझं ____ तुटलं आहे, ____ शाबूत आहे.' दुसरी जागाही भरता आली पाहिजे. गुरू गेले पण नाम शाबूत आहे. देवावर राग आहे पण अभंग ऐकला की डोळ्यांत पाणी येतं. काहीच शाबूत नाही असं वाटलं तर टप्पा १ वर परत जा. ते बहुधा थकलेल्या देहाचं उत्तर असतं.

## टप्पा ३: नेम उतरवा, मोडू नका

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे नेम वाढवत नेण्याची पद्धत आहे. कमी करायची रीत कुणी शिकवत नाही. एक माळ, मग तीन, मग अकरा. स्तोत्र एक, मग पाच. संकट आलं की आणखी एक पारायण. मग जो नेम चांगल्या दिवसांत तासाभराचा होता तो वाईट दिवसांत दोन तासांचा होतो, आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी अपराधी वाटतं. मूळ प्रश्नावर हा अपराधभाव चढला की गुंता सुटेनासा होतो.

असं करा:

१. सध्याचा सगळा नेम कागदावर उतरवा. पूजा, जप, स्तोत्रं, उपवास, वाचन, मंदिरात जाणं, सेवा, ऑनलाइन सत्संग, सगळं.

२. त्यातली एकच गोष्ट ठेवा. पाच ते दहा मिनिटांत उरकणारी, देहानं करायची, आणि मन लागलं नाही तरी पूर्ण होणारी. तुळशीला पाणी. एकदा दिवा. एकच माळ, १०८ मणी, मेरुमणी आला की थांबायचं. अर्थ भावला पाहिजे अशी अट घालू नका. ध्यान ठेवू नका, कारण त्यात 'लागलं की नाही' हे मोजलं जातं.

३. बाकी सगळं सव्वा महिन्यासाठी 'थांबवलंय' असं लिहा. 'सोडलंय' लिहू नका. संकल्प करून धरलेलं एखादं व्रत मध्येच असेल, तर त्याचं काय करायचं ते तुमच्या घरच्या गुरुजींना विचारून मोकळे व्हा.

४. घरातली देवपूजा दुसऱ्या कुणाकडे द्या. मुलाकडे, सुनेकडे, ज्याला जमेल त्याच्याकडे. एकटे राहत असाल आणि देव्हाऱ्याकडे बघवतच नसेल, तर गावाला जाताना काही घरांत देव तांदळात ठेवून जातात तसे ठेवा, किंवा नातेवाइकांकडे पोचवा. मानसपूजेची सोय परंपरेनं आजारी आणि प्रवासातल्या माणसासाठी केलेलीच आहे. तुम्ही सध्या त्यांच्यापैकी आहात.

५. ठरवलेली गोष्ट रोज एकाच वेळी करा आणि झाली की उठा. आज बरं वाटतंय म्हणून जास्त करू नका. ही अट कडक पाळा. चांगल्या दिवशी तीन माळा केल्या की वाईट दिवशीची एक माळ हार वाटते.

नेहमीची चूक: रागाच्या भरात फोटो, पोथ्या, टाक नदीत सोडणं. कुलदेवतेचे टाक पिढ्यांचे असतात आणि भावाचा, पुतण्याचाही त्यांवर जीव असतो. वर्षभरानं राग निवतो तेव्हा ते परत आणता येत नाहीत. कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा, पण घरात ठेवा.

दुसरी चूक: याच सुमारास नवा पंथ. जुन्या ठिकाणी जखम झाली की नव्या ठिकाणचं पहिलं स्वागत फार गोड लागतं. तिथले नियम, तिथली माणसं, तिथला पैशाचा व्यवहार बघायला डोकं थंड लागतं. सव्वा महिन्यात पाहुणे म्हणून जायला हरकत नाही. नाव नोंदवू नका, पैसे देऊ नका, घरचा पत्ता देऊ नका.

## टप्पा ४: ऐकून घेणारं एक माणूस

दहा जणांना सांगितलं की दहा उपाय येतात आणि आपण कुणाचाच करत नाही. एकच माणूस निवडा. त्याला तुमच्या निर्णयातून काही मिळणार नसावं, म्हणजे तो तुमच्या संस्थेचा पदाधिकारी नको आणि दुसऱ्या संस्थेचा प्रचारकही नको. त्याच्याकडे गोष्ट राहायला हवी. त्यानं स्वतः काही सोसलेलं असावं. हा माणूस आस्तिकच हवा असं मुळीच नाही. मी पाहिलेल्या चांगल्या ऐकणाऱ्यांत एक निवृत्त शाळामास्तर होते, पक्के नास्तिक, आणि त्यांच्याकडून उठून गेलेली माणसं पुन्हा वारीलाही गेली.

परदेशात किंवा परराज्यात असाल तर मंडळातल्या मंडळात माणूस शोधू नका. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गावाकडची मावशी किंवा जुना मित्र फोनवर बरा.

भेटायच्या आधीच सांगा, 'मला उपाय नको, तासभर ऐकून घे.' मग टप्पा २ मधली ती ओळ वाचून दाखवा आणि तिथून बोला. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. रोज फोन केला की समोरचा थकतो आणि आपण तेच तेच उगाळत बसतो.

> तपासा: भेटीनंतर त्या रात्री झोप बरी लागली का? वहीत दिसेल. दोन भेटींनंतरही जास्तच भीती किंवा लाज वाटत असेल तर माणूस बदला.

## टप्पा ५: भांडण नीट करा

हा टप्पा 'देवावर राग' असलेल्यांसाठी. गुरूवरचा विश्वास गेलेल्यांनाही उपयोगी पडतो. बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

झोप बरी होऊ लागली आणि एकदा तरी कुणापाशी मोकळं बोलून झालं, की मगच हा टप्पा घ्या. आधी घेतलात तर राग स्वतःवरच उलटतो.

देवाशी भांडणं हा आपल्याकडे नास्तिकपणा मानलेला नाही. जनाबाई विठ्ठलाला शिव्या देतात, नामदेव रुसतात, तुकोबा तर हिशेब मागतात. १६३० च्या दुष्काळात तुकोबांनी व्यापार गमावला, बायको अन्नान्न करत गेली, मुलगा गेला. त्यांच्या अभंगांत जो तगमगणारा, देवाला जाब विचारणारा सूर आहे तो सुखात बसून आलेला नाही. आपण मात्र हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमात गोड तेवढे अभंग गातो आणि नवख्याला वाटतं, रागावलेल्याला इथे जागा नाही.

करायचं असं. एक दुपार मोकळी ठेवा. देवाला पत्र लिहा, एकेरीत, 'तू' म्हणून, जसं घरातल्या माणसाला लिहाल तसं. काय मागितलं होतं, काय मिळालं, कुठे फसवलं असं वाटतं, नेमक्या शब्दांत. 'माझं कर्म', 'माझं प्रारब्ध' हे शब्द वापरू नका, कारण ते आले की आपण आपलीच समजूत घालायला लागतो. पत्र मोठ्यानं वाचा. रडू आलं तर येऊ द्या. उत्तराची वाट बघू नका, कौल लावू नका, योगायोगांत खुणा शोधू नका. पत्र वहीत घडी घालून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा वाचा आणि आज जे खरं वाटत नाही ते खोडा. काय खोडलं आणि काय तसंच उरलं, यावरून राग किती निवलाय ते कळतं.

ज्या बाई काडी विझेपर्यंत धरून बसायच्या, त्यांनी हे पत्र बोलून मुलीकडून लिहून घेतलं. त्यात शेवटचा परिच्छेद इस्पितळाच्या बिलाचा होता. दुःखात पैशाचा रागही असतो आणि तो लिहायची लाज वाटू देऊ नका.

नेहमीची चूक: या टप्प्यावर 'सुख-दुःख का असतं' यावर ग्रंथ वाचायला घेणं. वाचा, पण नंतर. आता वाचलंत तर तुमचा स्वतःचा प्रश्न दुसऱ्याच्या उत्तराखाली गाडला जाईल.

## टप्पा ६: मुदत संपल्यावर ठरवा

चाळीसाव्या दिवशी वही पहिल्या पानापासून वाचा. झोप, जेवण आणि बोलणं या तीन गोष्टी सुधारलेल्या दिसायला हव्यात. दिसत नसतील तर निर्णय आणखी सव्वा महिना पुढे ढकला आणि डॉक्टरांकडे गेला नसाल तर आता जा.

सुधारल्या असतील तर तीन वाटा आहेत. जुन्या वाटेनं परतणं, वाट बदलणं, किंवा काही काळ कोणत्याच वाटेवर नसणं. तिसरी वाट घेणाऱ्याला आपल्याकडे उगाच बिचारा समजतात. प्रामाणिकपणे 'मला माहीत नाही' म्हणून जगणारा माणूस, भीतीपोटी आरती ओवाळणाऱ्यापेक्षा मला जास्त श्रद्धाळू वाटतो.

परतत असाल तर थांबवलेल्या गोष्टींच्या यादीतून दर पंधरा दिवसांनी एकच परत घ्या. सगळं एकदम सुरू केलं की जुना भार जुन्या अपराधभावासकट परत येतो. काही गोष्टी यादीतच राहतील. राहू द्या.

वाट बदलत असाल तर नव्या ठिकाणी पाच गोष्टी विचारा: हिशेब सभासदांना दाखवतात का, प्रश्न विचारलेले चालतात का, सोडून गेलेल्यांबद्दल कसं बोलतात, घरच्यांपासून तोडतात का, औषधं बंद करायला सांगतात का. शेवटच्या दोन्हींपैकी एकाचं जरी 'हो' उत्तर आलं तर मागे फिरा. सोडून गेलेल्या एखाद्याला स्वतः भेटून मगच आत पाऊल टाका.

जुना गुरू किंवा पंथ सोडत असाल तर गाजावाजा नको. कळवायचंच असेल तर दोन ओळींचं पत्र पुरे. समजूत घालायला गुरुबंधू येतील, 'गुरुद्रोह' हा शब्द काढतील. वाद घालू नका, चहा द्या, विषय बदला. पण वर सांगितलेला गुन्ह्याचा प्रकार असेल तर गप्प राहू नका, कारण तुमच्या जागी उद्या दुसरं कुणी बसणार आहे.

## घरच्यांनी काय करावं

प्रश्न विचारू नका, जेवायला हाक मारा. सोबत फिरायला चला. 'मागच्या जन्माचं काही असेल', 'देव परीक्षा बघतोय', 'तुझीच श्रद्धा कमी पडली' ही तीन वाक्यं घरात बंद. ज्याचं मूल गेलंय त्याला परीक्षेचं वाक्य सुरीसारखं लागतं.

'बाहेरचं आहे' म्हणून देवऋषीकडे नेऊ नका. अंगात येतं म्हणून बांधून ठेवू नका, मारू नका. लपवून अंगाराही खाऊ घालू नका. कळलं की उरलासुरला विश्वास जातो. मरणाचं बोलणं कानावर आलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावा.

## पुन्हा उफाळून आलं तर

येतं. वर्षश्राद्ध, पितृपक्ष, पहिली दिवाळी, गेलेल्याचा वाढदिवस, गुरुपौर्णिमा, आषाढीला टीव्हीवर पंढरपूर दिसणं, या ठरलेल्या जागा आहेत. कॅलेंडरवर आधीच खूण करा. त्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका, ऐकणाऱ्या माणसाची भेट त्याच आठवड्यात ठेवा, आणि नेम परत एका गोष्टीवर आणा. तीन-चार दिवसांत ओसरलं तर चढवलेला नेम पुन्हा घ्या. दोन आठवडे तसंच राहिलं तर टप्पा १ पासून सुरुवात करा, वहीही नवीन घ्या.